मिरचीचा ठसका की अमोनिया: पूर्व नागपुरातल्या एका दुपारची केस

पार्श्वभूमी

हॉस्पिटलचं नाव, कोल्ड स्टोरेजचं नाव, तारीख काहीच देत नाही, पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदललेत. बाकी जे झालं ते आहे तसं लिहितोय, माझ्या चुकीसकट.

मी एमडी इमर्जन्सी मेडिसिन केलं आणि त्यानंतर देशाबाहेर एक वर्षाची डिझास्टर आणि ऑपरेशनल मेडिसिनची फेलोशिप. परत आल्यावर घरच्यांनी विचारलं हे नक्की काय असतं, आणि खरं सांगायचं तर डॉक्टर मित्रांनीही तेच विचारलं. कॅज्युअल्टीत आपण एका पेशंटसाठी सगळं पणाला लावतो, डिझास्टरमध्ये पेशंट जास्त आणि हात, बेड, ऑक्सिजन कमी, मग आधी कोण, नंतर कोण, इथे कोणाला ठेवायचं, पुढे कोणाला पाठवायचं हे ठरवावं लागतं आणि ते ठरवायचंही एक शास्त्र आहे. ऑपरेशनल म्हणजे हॉस्पिटलच्या भिंतीबाहेरचं काम, फायर ब्रिगेड, पोलीस, बचाव पथक, मोठे मेळावे, जिथे डॉक्टर असतो पण हुकूम दुसऱ्याचा चालतो आणि तो मानायला शिकावं लागतं.

नागपूरला याची गरज काय असं मला एकाने विचारलं होतं. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, आपण रोज त्यावरून जातो. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये लोकांना झोपेत पाणी गाठलं. दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक येतात. आणि गंमत नाही, खंत म्हणून सांगतो, नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय कॉलेज १९५७ पासून आपल्याच गावात, जिथे आता एनडीआरएफची अकादमी आहे, फायर सर्व्हिसचं राष्ट्रीय कॉलेजही इथेच, म्हणजे देशभरातले लोक आपत्तीचं काम शिकायला नागपूरला येतात आणि मी नागपूरच्या कॅज्युअल्टीत बसून त्यातल्या एकालाही ओळखत नव्हतो.

मी ज्या हॉस्पिटलमध्ये लागलो ते पूर्व नागपुरातलं, साधारण ८० बेडचं, कॅज्युअल्टीत सहा बेड, आयसीयूत दहा. लागल्यावर दोन महिन्यांत मी डिझास्टर प्लॅन लिहिला. ३८ पानांचा. कमांड कोणाकडे, ट्रायेज (आधी कोण, नंतर कोण ही वर्गवारी) कुठे, रंगांच्या पट्ट्या, फोनची यादी, केमिकल एक्स्पोजर असेल तर काय, सगळं होतं त्यात. पीडीएफ मॅनेजमेंटला मेल केली, नर्सिंगला एक प्रिंट दिली, एका तासाचं लेक्चर घेतलं. मला वाटलं झालं काम.

ती दुपार

मे महिना, पारा ४५ च्या वर, तीन वाजून दहा मिनिटं. गेटवर एक ऑटो आला, त्यात सहा बाया कोंबून बसलेल्या, तोंडाला पदर, डोळ्यांतून पाणी, खोकून खोकून बेजार. सिक्युरिटीवाले काका धावत आत आले आणि म्हणाले, "सर, सातऱ्यावरच्या बाया आहेत, मिरची लागली."

बाहेरच्यांसाठी सांगतो, सातरा म्हणजे जिथे लाल मिरचीचे देठ खुडायचं काम चालतं ती जागा. विदर्भात भिवापूर, पवनीकडे हे फार जुनं काम आहे आणि कळमना मार्केटमुळे भंडारा रोडच्या पट्ट्यात मिरची साठवायची कोल्ड स्टोरेजही भरपूर. दिवसभर बाया मिरचीच्या ढिगाशी बसलेल्या असतात, डोळे लाल, खोकला, हाताची आग हे त्यांच्या रोजच्या जगण्यातलं. आमच्याकडे तसे पेशंट आधीही यायचे, डोळे धुऊन, ड्रॉप देऊन घरी.

सातरा एका कोल्ड स्टोरेजच्या भिंतीला लागून होता आणि तिथे मशीन रूममध्ये ऑइल ड्रेन करताना, थंडाव्यासाठी मशीनमध्ये वापरतात तो अमोनिया सुटला होता. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी माझ्यासमोर फक्त सहा खोकणाऱ्या बाया होत्या आणि मागे अजून दोन ई-रिक्षा वळताना दिसत होत्या.

पहिला प्रश्न: हे आहे काय

हा पहिला निर्णयाचा क्षण आणि तो जेमतेम अर्ध्या मिनिटाचा होता. मिरची समजलो असतो तर सगळ्यांना सरळ आत घेतलं असतं, सहा बेडवर सहा जणी, आणि त्यांच्या कपड्यांसोबत गॅसही आत आला असता. गॅस समजून सगळ्यांना उन्हात बाहेर थांबवलं असतं आणि निघाली असती नुसती मिरची, तर ४५ डिग्रीत उभं ठेवल्याने दोघी चक्कर येऊन पडल्या असत्या.

दोन गोष्टींनी माझा निर्णय झाला. एक म्हणजे वास, ऑटोपासून चार पावलांवर नाकात चरचरलं, आणि मिरचीचा ठसका वेगळा, हा वेगळा, ज्यांनी अमोनिया हुंगलाय त्यांना तो पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही. दुसरी म्हणजे आवाज. मी पहिल्या बाईला विचारलं ताई काय झालं, तर ती म्हणाली, "डोये जयून राह्यले जी, बोलता नाई येऊन राह्यलं," आणि तो आवाज फाटलेला, घोगरा. मिरचीने खोकला येतो, डोळे जळतात, पण इतक्या कमी वेळात सगळ्यांचे आवाज एकदम बसत नाहीत. अमोनिया पाण्यात प्रचंड विरघळतो, म्हणून जिथे ओलावा तिथे तो आधी लागतो, डोळे, नाक, घसा, स्वरयंत्र. ओलाव्याशी मिळून अल्कली, म्हणजे क्षार बनतो आणि भाजतो. त्याला उतारा असं औषध नाही, धुणं, ऑक्सिजन आणि श्वासाची वाट उघडी ठेवणं एवढंच हातात.

मी ओरडून सांगितलं कोणालाही आत घेऊ नका, पार्किंगमधल्या कडुलिंबाखाली बसवा, आणि कंट्रोल रूमला १०८ आणि फायर ब्रिगेडला १०१ लावायला सांगितलं. फायरवाल्यांनी फोनवरच सांगितलं की हो, अमोनियाच आहे, गाड्या निघाल्यात. फोनवर बोलताना मी फेलोशिपमध्ये घोकलेला क्रम वापरला: मोठी घटना आहे, नक्की जागा, प्रकार, धोका, यायचा रस्ता, किती माणसं, कोण कोण पोचलंय. इतका कोरडा क्रम, पण त्यामुळे दोन मिनिटांत काम झालं, नाहीतर अशा वेळी आपण फोनवर फक्त लवकर या लवकर या म्हणत राहतो.

पुढच्या वीस मिनिटांत एकूण १४ जण आले, संध्याकाळपर्यंत २३. त्यातल्या १९ बाया. आणि जवळपास सगळे ऑटो, ई-रिक्षा, मालकाच्या पिकअपमधून, म्हणजे जागेवर कोणी धुतलेलं नाही, कोणी तपासलेलं नाही. शिकवताना आम्हाला हे बजावलं होतं की चालता येणारे पेशंट ॲम्ब्युलन्सची वाट बघत नाहीत, ते स्वतःच येतात आणि जवळच्या हॉस्पिटलवर आदळतात, खरा सिरीयस पेशंट त्यांच्या मागून येतो. मशीन रूममधला ऑपरेटर, ज्याच्या हातावर आणि चेहऱ्यावर द्रव उडाला होता, तो आमच्याकडे ३५ व्या मिनिटाला आला, १०८ च्या गाडीतून.

कोणाला धुवायचं, कुठे, कोणत्या पाण्याने

माझ्या प्लॅनमध्ये लिहिलं होतं, सगळ्यांचे कपडे काढा, सगळ्यांना पाण्याने धुवा, मग आत. मी तसाच हुकूम सोडला. आणि इथे सगळं अडलं.

बायांनी कपडे काढायला साफ नकार दिला. काढतील कशा, पार्किंगमध्ये, रस्त्यावरून गर्दी बघतेय, दोन पोरं मोबाईलवर शूटिंग करतायत. मी मोठ्याने समजावून राहिलो होतो की बाई जिवाचा प्रश्न आहे, आणि त्या अजूनच पदर घट्ट धरत होत्या. फेलोशिपमध्ये डिकॉनचा, म्हणजे अंगावरचं केमिकल काढायचा सराव तंबू, पडदे, वेगळी लाइन असा झाला होता, ते सगळं फुगवायला दहा मिनिटं लागतात. माझ्याकडे तंबू नव्हता. आमच्या मेट्रन सिस्टर, पंचवीस वर्षांची नोकरी, माझ्याजवळ आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "सर, तुम्ही गेटकडे व्हा, इथे आम्ही बघतो."

मग त्यांनी आणि दोन मावशींनी जे केलं ते माझ्या ३८ पानांत कुठेच नव्हतं. लॉन्ड्रीतून बेडशीट आणल्या, ॲम्ब्युलन्स शेडच्या खांबांना कपडे वाळवायच्या दोऱ्या बांधून त्यावर टाकल्या, आत फक्त बाया आणि मावश्या. प्रत्येकीला आधी ओटीचा गाऊन दिला, तो वरून घालायचा आणि मग आतून साडी सोडायची. मंगळसूत्र, फोन, दिवसाच्या मजुरीचे पैसे हे प्रत्येकीच्या नावाच्या पिशवीत, पिशवी तिच्याच हातात. पिशवी हातात मिळाल्याबरोबर बाया ऐकायला लागल्या, मी ते लांबून बघितलं.

मग पाण्याचा प्रश्न. मामांनी पाइप लावला तो गच्चीवरच्या टाकीचा. मे महिन्यात नागपुरात दुपारी साडेतीनला टाकीचं पाणी कसं असतं हे इथल्या माणसाला सांगायला नको, हात पोळतो. त्यात अंगावर मिरचीची पूड. मिरचीतलं तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि गरम पाण्याने आग अजून भडकते. पहिल्या दोघी अशा किंचाळल्या की बाकीच्यांनी धुवून घ्यायलाच नकार दिला, काही नातेवाईक तर म्हणाले हॉस्पिटलवाले ॲसिड टाकून राहिले. बोअरच्या नळाला पाइप जोडायचं सुचवलं ते प्लंबिंग बघणाऱ्या मामांनी, तो नळ बागेच्या कोपऱ्यात होता आणि मला तो आहे हेही माहीत नव्हतं. बोअरचं गार पाणी आणि साबण, मग काम सुरळीत झालं. पण यात बारा-तेरा मिनिटं गेली.

आता मागे वळून बघताना मुख्य चूक वेगळीच दिसते. ज्यांच्या अंगावर द्रव उडालेला नाही, फक्त गॅस लागलाय, त्यांना पूर्ण अंघोळ घालायची गरज नव्हती. वरचे कपडे बदलले, मोकळ्या हवेत बसवलं आणि डोळे धुतले की पुरलं असतं. पूर्ण धुणं लागणारी माणसं खरं म्हणजे दोनच होती, तो ऑपरेटर आणि मालकाचा एक मुलगा ज्याच्या पँटवर शिंतोडे होते. मी २३ जणांसाठी जो एकच नियम लावला तो पुस्तकातला सर्वात सुरक्षित नियम होता, पण त्यामुळे ज्यांना तातडीने डोळे धुवायला हवे होते त्या बाया रांगेत उभ्या राहिल्या. अल्कली डोळ्यात आत आत जात राहते, तिथे प्रत्येक मिनिट मोजायचं असतं.

डोळ्यांचं काम एका ज्युनियर डॉक्टरने झक्कास सांभाळलं. सुन्न करायचे ड्रॉप, सलाईनची बाटली स्टँडला, आयव्ही सेटची नळी कापून सरळ डोळ्यावर धार, एका वेळी चार जणी आडव्या. आणि धुणं थांबवायचं कधी हे कळायला लघवी तपासायच्या पट्टीवरचा पीएचचा, म्हणजे आम्ल-क्षार दाखवणारा चौकोन कापून पापणीच्या आत लावायचा, सातच्या आसपास आला की थांबायचं, दहा मिनिटांनी पुन्हा बघायचं. लिटमस पेपर आमच्याकडे नव्हता, लघवीच्या पट्ट्या प्रत्येक वॉर्डात असतात.

कूलर

हा प्रसंग मी जिथे जिथे शिकवायला जातो तिथे सांगतो. पेशंट बाहेर थांबवले, दार बंद ठेवलं, तरी कॅज्युअल्टीत आतल्या सिस्टर खोकायला लागल्या. दोन मिनिटं कोणालाच कळेना. मग लक्षात आलं, कॅज्युअल्टीच्या खिडकीला बाहेरून डेझर्ट कूलर बसवलेले, आणि आम्ही काढलेले कपडे ठेवले होते बरोबर त्यांच्या खाली, सावली म्हणून. खसमधलं पाणी थोडा गॅस शोषतं हे खरं, पण एवढी हवा ओढली जाते की वास सरळ आतल्या बेडवर.

पर्याय दोन. कूलर बंद करायचे, तर आत सहा बेडवर जे आधीचे पेशंट आहेत, त्यात एक ७० वर्षांचे आजोबा हार्ट फेल्युअरचे, त्यांना अर्ध्या तासात उष्णतेचा त्रास सुरू होणार. नाहीतर कपडे हलवायचे, पण हलवणारा माणूस लागेल आणि तो काय घालून हलवेल. सगळ्यांनी कोविडमधले उरलेले एन-९५ चढवले होते आणि सगळ्यांना वाटत होतं आपण सेफ आहोत. एन-९५ धूळ अडवतो, गॅस अडवत नाही, हे मला ओरडून सांगावं लागलं. शेवटी कूलर बंद केले, आजोबांना आणि बाकी पाच जणांना वरच्या एसी वॉर्डात हलवलं, आणि कपडे तोवर पोचलेल्या फायरच्या माणसांनी त्यांच्या मास्कसकट येऊन झाकणाच्या ड्रममध्ये भरले. माणसं हलवणं वेळखाऊ होतं पण बरोबर होतं, कारण त्यामुळे कॅज्युअल्टी पुढच्या पेशंटसाठी रिकामीही झाली.

मी जागा सोडली

ट्रायेजसाठी मी स्टार्ट पद्धत वापरली, १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात बनलेली, जगभर शिकवतात. जो चालू शकतो तो हिरवा, म्हणजे थांबू शकतो. मग श्वास मिनिटाला ३० च्या वर का, नाडी लागते का, सांगितलेलं ऐकतो का, त्यावरून लाल म्हणजे लगेच, पिवळा म्हणजे त्यानंतर. अपघातात, इमारत पडल्यावर ती चालते. गॅसमध्ये ती फसवते, कारण घसा सुजत असलेला माणूस आरामात चालत येतो.

एक चाळिशीतली बाई, चालत आलेली, हिरवी पट्टी, कडुलिंबाखाली बसून दुसऱ्या बायांना पाणी पाजत होती. आमच्या एका स्टाफ सिस्टरने, जी फक्त हिरव्या पट्टीवाल्यांजवळ फिरत होती, मला बोलावलं आणि म्हणाली, "सर, ह्या ताई मघाशी बोलत होत्या, आता मान हलवून उत्तर देऊन राहिल्या." जवळ गेलो तर श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज. हिरव्याची लाल झाली होती, अर्ध्या तासात.

आता इथे सगळ्यात अवघड निर्णय. भूलतज्ज्ञ घरून निघाले होते, वर्धमाननगरच्या सिग्नलला अडकलेले, अजून पंधरा मिनिटं. ईएनटी सर्जन ओपीडीत, पण ट्रॅकिओस्टॉमीचं, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करायचं सामान वर. सुजलेल्या घशात ट्यूब टाकायचा अनुभव तिथे फक्त मला. आणि ट्रायेज आणि एकूण कमांड, तीही फक्त माझ्याकडे. फेलोशिपमध्ये एक गोष्ट शंभर वेळा सांगितली होती की कमांडवाल्याने हात लावायचा नाही, तू एका पेशंटवर वाकलास की बाकीचे वीस तुझ्या नजरेतून गेले. मला ते पाठ होतं. तरी मी गेलो, कारण पर्याय म्हणजे पंधरा मिनिटं थांबणं, आणि त्या बाईकडे पंधरा मिनिटं होती असं मला वाटलं नाही.

सात नंबरची ट्यूब गेली नाही, त्याहून बारीक सहाची गेली, दुसऱ्या प्रयत्नात, ईएनटी सर ब्लेड हातात घेऊन बाजूला उभे. मला अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत बाहेर कमांड कोणाकडेच नव्हती, कारण मी जाताना कोणाला नावाने सांगितलं नाही की आता तू. ऑपरेटरला घेऊन १०८ आली ती नेमकी तेव्हा. ड्रायव्हरने नेहमीच्या सवयीने गाडी मागच्या दाराला लावली आणि त्याला, ओल्या कपड्यांसकट, सरळ आत कॅज्युअल्टीत आणलं. आत एक सिस्टर आणि एक वॉर्डबॉय मामा होते, दोघांनाही गॅस लागला, दोघांचे डोळे धुवावे लागले, सिस्टरला रात्रभर ऑक्सिजनवर ठेवलं. कॅज्युअल्टी पुन्हा रिकामी करावी लागली आणि ऑपरेटरला परत बाहेर नेऊन धुवावं लागलं. अमोनियाचा द्रव उणे ३३ अंशाला उकळतो, म्हणजे अंगावर पडला की थंडीनेही जाळतो आणि अल्कलीनेही. त्याच्या हाताला चिकटलेला बाहीचा कापड ओढून न काढता भिजवून सोडवायचा असतो. आत तो घाईत ओढला गेला.

ट्यूब टाकायला गेलो हे मला आजही बरोबर वाटतं. कमांड सोपवून न जाणं ही चूक. दोन वाक्यं लागली असती, "सिस्टर, आता गेट तुमच्याकडे. ॲम्ब्युलन्स आली तर आधी शेडमध्ये, दारात नाही." पण सिस्टरांना मी त्या भूमिकेसाठी कधी तयारच केलं नव्हतं. अख्ख्या बिल्डिंगमध्ये हे शिकलेला माणूस मी एकटा होतो आणि मी एका पेशंटवर वाकल्याबरोबर ते शिक्षण हॉस्पिटलमधून गेलंच.

पैसे आणि कागद

थोडक्यात. बिलिंग काउंटरने पहिल्या वीस मिनिटांतच विचारलं की हे कोणाच्या नावावर लावायचं, आणि डायरेक्टरांनी, त्यांचं श्रेय त्यांना, सांगितलं की आज काउंटर बंद. १९८९ च्या परमानंद कटारा निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की जीव वाचवणं आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद २३ जणांची स्वतंत्र करावी लागली, त्यात एक मेडिकल ऑफिसर अडीच तास अडकला, तो माणूस मला डोळ्यांच्या धारेवर हवा होता. हे काम एका क्लार्कला बसवून, सही शेवटी डॉक्टरची, असं करता आलं असतं.

निकाल

२३ पैकी ११ जणांना संध्याकाळी घरी सोडलं. ९ जणांना छातीची लक्षणं होती म्हणून २४ तास ठेवलं, कारण फुप्फुसात पाणी उशिराही साचू शकतं, त्यातल्या कोणाचं बिघडलं नाही. ट्यूब टाकलेल्या ताईंची ट्यूब चौथ्या दिवशी निघाली. त्या वाचल्या, आवाज मात्र बरेच महिने घोगरा राहिला, भजनी मंडळात पुढे म्हणायच्या असं त्यांच्या मुलीने सांगितलं, ते ऐकून मला वाईट वाटलं. ऑपरेटरला आयसीयूत ठेवून नंतर बर्न्सची सोय असलेल्या हॉस्पिटलला पाठवलं, हात वाचला, दोन बोटं नीट वळत नाहीत. मालकाच्या मुलाला कपडे बदलून, धुऊन दोन दिवसांनी सोडलं. डोळ्यांच्या बाबतीत दोन बायांच्या बुबुळावर जखम राहिली, दोघी रांगेत सर्वात मागे होत्या. हे मी योगायोग म्हणून सोडून देऊ शकत नाही.

पुन्हा झालं तर

गॅस म्हटला की ट्रायेजमध्ये पहिला प्रश्न चालता येतं का हा नाही ठेवणार. आवाज ऐकायचा. नाव मोठ्याने सांगायला लावायचं, घोगरा आला, अर्धवट आला, मान हलवून आला, तर चालत आलेला असला तरी लाल. आणि हिरव्या पट्टीवाल्यांजवळ एक माणूस कायम, दर दहा मिनिटांनी पुन्हा नाव विचारायला. त्या दिवशी ते एका सिस्टरने स्वतःहून केलं, मी सांगितलेलं नव्हतं.

धुण्याच्या तीन वाटा करायच्या. द्रव लागलेला पूर्ण धुवायचा, फक्त गॅस लागलेला कपडे बदलून मोकळ्या हवेत, आणि डोळे सगळ्यांचे आणि सगळ्यात आधी, रांगेशिवाय. बोअरच्या नळाचा पाइप आता कायम ॲम्ब्युलन्स शेडपर्यंत आणलाय. कूलरच्या खिडक्यांखाली पिवळा पट्टा मारलाय, तिथे पेशंट नाही, कपडे नाहीत, गाडी नाही. शेडच्या खांबांना हुक ठोकलेत आणि बेडशीट, दोरी, गाऊन, पिशव्या एका पेटीत, किल्ली मावशींकडे.

प्लॅन आता चार पानांचा आहे आणि तो लिहिताना मी लॅपटॉप घेऊन एकटा बसलो नाही. मेट्रन सिस्टर, दोन मावशी, पाण्याचे मामा, सिक्युरिटीचे काका, लॉन्ड्रीवाले आणि जवळच्या फायर स्टेशनचे एक अधिकारी, असे सगळे तीन दुपारी बसलो. मला फेलोशिपमध्ये जे मिळालं त्याची किंमत मी कमी करत नाही, वास ओळखून अर्ध्या मिनिटात दार बंद करण्याचा निर्णय त्यातूनच आला. पण दार बंद केल्यावर पुढे काय हे त्या बिल्डिंगला माहीत होतं, मला नाही. तरुण डॉक्टर मला विचारतात की सर ही ट्रेनिंग घेऊ का, मी म्हणतो नक्की घ्या, आणि परत आल्यावर पहिला महिना काही लिहू नका, नळ कुठे आहेत ते बघा.

ड्रिल आम्ही वर्षातून दोनदा करतो आणि दोन्ही वेळा मी मुद्दाम सुट्टीवर असतो, फोन बंद. मागच्या वेळी सिस्टरांनी नंतर व्हिडिओ दाखवला. नर्सिंगच्या पोरी पेशंट बनून ऑटोतून येतात, आणि गेटवर सिक्युरिटीचे तेच काका ऑटोच्या आत वाकून प्रत्येकीला विचारतायत, "ताई, नाव सांगा, जोरात सांगा."